शिस्टर पळाली की

शीला सिस्टर पहिल्यांदा पळाली त्या दिवशी तिच्यामागे सात माणसं पळाली.

ऑक्टोबरची सकाळ, साडेसहाचा सुमार. पोशेऱ्याच्या उपकेंद्रामागच्या क्वार्टरमधून ती बाहेर पडली. पायात नवे बूट, ओढणी कमरेला गच्च बांधलेली. प्लॅनमध्ये लिहिलं होतं: पहिला दिवस, तीन किलोमीटर, आरामात. आरामात कसलं! अर्ध्या किलोमीटरवरच तिचा चेहरा लालबुंद झाला, तोंड उघडं पडलं आणि ओढणी सुटून मागे फडफडायला लागली. अशा अवतारात ती चिंचपाड्यासमोरून गेली. चिंचपाडा उपकेंद्रापासून किलोमीटरभर, रस्त्याच्या कडेलाच, बावीस घरं. कुणी तोंड धूत होतं, कुणी बैल सोडत होतं. त्यांनी सिस्टरला पळताना पाहिलं आणि पुढचं कुणाला सांगावं लागलं नाही.

या भागात माणूस उगाच पळत नाही. पळायची कारणं ठरलेली आहेत. जनावर भातात शिरलं, घर पेटलं, जीप सुटायला आली. आणि नर्स पळते ती तर एकाच कारणासाठी, कुठेतरी बाई अडली आहे. वरच्या पाड्यांना अजून गाडीचा रस्ता नाही. बाई अडली की बांबूला चादरीची झोळी बांधायची, त्या डोलीत तिला निजवायचं आणि चौघांनी आळीपाळीने खांदा देत गाडी येते तिथवर आणायचं. तेव्हा चिंचपाड्याने जे करायचं तेच केलं. वळचणीचा बांबू निघाला, कुणाच्या तरी अंथरुणातली चादर ओढली गेली आणि माणसं सिस्टरच्या मागे लागली.

दीड किलोमीटरवर त्यांनी तिला गाठलं. गाठायला वेळ लागला नाही.

"कोन अडलाय, शिस्टर?" सुकऱ्याने विचारलं. तिशीचा गडी, त्याला साधी धापही लागली नव्हती.

शीला गुडघ्यांवर हात टेकून वाकली होती. "कोणी नाही."

"मंग?"

"मी... पळतेय."

"कशाला?"

व्यायाम म्हणावं तर समोर उभी असलेली माणसं रोज डोंगर चढून उतरणारी. मॅरेथॉन म्हणावं तर आधी ती म्हणजे काय ते सांगायला हवं, आणि बेचाळीस किलोमीटर पळायचं, पण कुठे जायचं नसतं, एवढं समजावण्याइतका दम तिच्यात नव्हता. "शुगर," ती म्हणाली. साफ खोटं होतं, पण शुगर सगळ्यांना कळते. माणसं हसत माघारी वळली.

सगळ्यात मागून, चालतच, लाडक्या आला. बांबू त्याचाच. सत्तरीचा वाळका म्हातारा, गुडघ्यापर्यंतची चड्डी, खांद्यावर तो काळपट झालेला बांबू. माघारी निघालेल्या माणसांकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. सरळ तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"कोन?"

"कोणी नाही, बाबा."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग वर चढाकडे जाणाऱ्या रस्त्याकडे पाहिलं आणि वळला.

शीला त्रेचाळीस वर्षांची. माहेर जव्हारचं, वडिलांचं कापडाचं दुकान. नोकरीला एकोणीस वर्षं झाली, पोशेऱ्याला चार. नवरा, पंकज, वापीला कारखान्यात. पूर्वी दर पंधरा दिवसांनी यायचा, मग महिन्याने, आता सणावारी. भांडण काही झालं नव्हतं. झालं असतं तर एक वेळ बरं, निदान बोलणं तरी झालं असतं. मुलगी किमया नाशिकला कॉलेजात. तिनेच सप्टेंबरात फोन केला, "आई, जानेवारीत इथे मॅरेथॉन आहे. आपण दोघी पळू." किती अंतर असतं ते विचारायच्या आधीच शीला हो म्हणून बसली. तिने फक्त 'आपण दोघी' एवढंच ऐकलं होतं.

किमयाने सोळा आठवड्यांचा प्लॅन पाठवला. तिसऱ्या आठवड्यात किमयाचा गुडघा दुखायला लागला. चौथ्यात तिच्या सबमिशन आल्या. पाचव्यात ती म्हणाली, "तू पळ ना आई, मी शेवटच्या रेषेवर फोटो काढायला उभी राहते." शीला बरं म्हणाली. आणि पळत राहिली.

का पळत राहिली, हे तिला कुणी विचारलं नाही ते बरंच झालं. दुपारनंतर उपकेंद्र रिकामं व्हायचं. चार वाजले की क्वार्टरमध्ये नळाचं थेंब थेंब गळणं तेवढं ऐकू यायचं. भाजी एका माणसाची किती करायची, हे तिला चार वर्षांत जमलं नव्हतं, रोज उरायची. अशात कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला तो कागद तिला उद्या काय करायचं ते सांगायचा. मंगळवारी तीन, गुरुवारी चार, शनिवारी तीन, रविवारी लांब. उद्या काय करायचं असं तिला दुसरं कोणी सांगत नव्हतं.

कागद लसीकरणाच्या तक्त्याशेजारी होता आणि तिने तो तसाच वाचला. डोस एकदम वाढवायचा नाही. अठरा किलोमीटरचा आठवडा पचला की वीस, मग बावीस. मग एक आठवडा मागे यायचं, सतरावर, अंग सावरू द्यायचं, आणि तिथून पंचवीस. एकतीसच्या आठवड्यात डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलं. पस्तीसच्या आठवड्यात तिला शोध लागला की आदल्या संध्याकाळी नाचणीची भाकरी आणि गूळ खाल्ला की सकाळी पाय हलके पडतात. बाळांना लावायचं व्हॅसलीन ती आता स्वतःच्या काखेत लावायची. बोलता येईल एवढ्याच वेगाने पळा, असं प्लॅनमध्ये ठळक अक्षरांत लिहिलं होतं. बोलायचं कुणाशी, ते लिहिलं नव्हतं.

इकडे चिंचपाड्याचीही सवय वाढत चालली होती, फक्त उलट्या दिशेने. दुसऱ्या आठवड्यात तिच्यामागे तिघे आले. तिसऱ्यात एकटा सुकऱ्या, तोही मोटरसायकलवर. चौथ्यात कोणीच नाही. जीपवाले तेवढे थांबून म्हणायचे, "बसा शिस्टर, सोडतो," आणि ती नको म्हणाली की मनापासून वाईट वाटून पुढे जायचे. दिवाळीपर्यंत शेकोटीभोवतीची डोकीसुद्धा वर होईनाशी झाली. शिस्टर उगाच पळते, हे पाड्यात कायमचं ठरून गेलं.

शीलाला हायसं वाटलं. आता रस्ता तिचा होता. आणि हायसं वाटलं त्याच सकाळी, परत येताना, तिला उगाच वाटून गेलं की एखाद्याने तरी मान वर करायला हरकत नव्हती.

लाडक्या मात्र उठायचा. दर खेपेला. ती पाड्याशी पोचायच्या आत तो बांबू खांद्यावर टाकून रस्त्याच्या कडेला उभा. जाताना विचारायचा, "कोन?" ती म्हणायची, "कोणी नाही, बाबा." रविवारी ती दोन तासांनी, तीन तासांनी परत यायची, तरी तिथेच उभा. पुन्हा "कोन?" पुन्हा "कोणी नाही." एकदा ती वैतागून थांबली. "बाबा, मी रोजच पळते. शुगर आहे मला. तुम्ही उठत जाऊ नका." तो म्हणाला, "बरां." गुरुवारी पुन्हा उभा.

शेवटी तिने रखमीला गाठलं. रखमी वरच्या पाड्याची आशासेविका, तिशीपस्तिशीची, बुधवारी उपकेंद्रावर यायची.

"त्या लाडक्याबाबाला जरा समजावून सांग. मला लाजल्यासारखं होतं."

रखमीने गोळ्यांच्या पट्ट्या मोजत मोजतच सांगितलं. "तो नाय ऐकनार. त्याची पोर व्हती, गौरा. आमच्या पाड्याला दिलेली. अडली. जावाय खाली पळत आला, डोली न्यायला. बाबा बसलेला बिडी वढत. त्यानं बघितला, कोनतरी बांधावरनं पळतंय. त्याला वाटला पोरं सशामागं लागलीत. बसून ऱ्हायला. जावाय आदी दुसऱ्या घरात गेला, मंग तिसऱ्या, मंग याच्याकडं. एवढासाच येळ गेला, शिस्टर. पन गौरा वाटंतच गेली."

"किती वर्षं झाली?"

"मी शाळंत व्हती तव्हा." रखमीने पट्ट्या पिशवीत भरल्या. "तव्हापासून कोनी पळताना दिसला का उठतो. पोरं खेळत असली तरी उठतो."

दुसऱ्या दिवशी पळताना, शेकोटीशी बसलेल्या पाठींजवळून जाताना, तिला आपण काय करून बसलो आहोत ते लख्ख दिसलं. तिच्या आधीच्या सगळ्या नर्सबायांनी मिळून त्या पाड्याला एक खूण शिकवली होती. सिस्टर पळाली की उठायचं. तिने सहा आठवड्यांत ती पुसून टाकली होती. उद्या खरंच कुणी अडलं आणि आपण पळत आलो, तर कोण उठेल? एक म्हातारा.

तिने स्वतःला समजावलं की आता फोन आहेत. मग आठवलं की चिंचपाड्यात रेंज नाही आणि वरच्या पाड्यात तर नाहीच. त्या संध्याकाळी ती कपाटाचं दार उघडून कागदासमोर उभी राहिली. सोडून द्यावं, तिला वाटलं. मग रिकामा रविवार डोळ्यांसमोर आला, उरलेली भाजी आली, नळ आला. तिने दार लावलं आणि रविवारी बावीस किलोमीटर पळून आली. शीला चांगली बाई होती, पण त्या दिवशी तिने स्वतःची बाजू घेतली. आणि घेतली आहे हे तिला माहीत होतं.

डिसेंबर लागला. भात झोडून झाला तसे वरच्या पाड्यांतले गडी भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर गेले. चिंचपाड्यातले निम्मे गेले, निम्मे राहिले. शीलाचा तेरावा आठवडा उजाडला, एकूण अठ्ठेचाळीसचा. रविवारी तीस.

ती पाचला निघाली, कपाळाला बॅटरी बांधून. लाडक्या घोंगडी पांघरून उभा होता, खांद्यावर बांबू.

"कोन?"

"कोणी नाही, बाबा."

सूर्यमाळच्या बाजूने चढ लागला. पाच किलोमीटरवर वरच्या पाड्याचा फाटा आला आणि अंधारातच मागे पडला. पुढे उजाडलं. पंधरावर तिने रस्त्याला हात लावला, चिक्कीचा तुकडा तोंडात टाकला आणि माघारी वळली. विसावा किलोमीटर गेला, बावीस गेला, पाय शिणले पण थांबले नाहीत. आपण हे करू शकतो, हे तिला त्या सकाळी पहिल्यांदा वाटलं, आणि ते सांगावंसंही फार वाटलं.

पंचविसाव्या किलोमीटरला फाटा पुन्हा आला. फाट्यावर रखमी उभी होती.

"बरा झाला आलात. अर्ध्या तासापासून उभी हाय. फागी पहाटंच बाळंत झाली, घरातच. पोर चांगला हाय. पन तिचा रगत थांबत नाय."

"मग खाली का नाही आलीस?"

"आज रविवार ना. तुमी इथूनच जानार. खाली गेली आन चुकामूक झाली तर?"

तिचंही बरोबर होतं. पाऊलवाटेने वर दोन किलोमीटर. पाच घरं, त्यातल्या शेवटच्या घरात फागी. विशीची पोरगी, ओठ पांढरे पडलेले. शीलाच्या कमरेच्या पिशवीत मीठ आणि चिक्की, दुसरं काही नाही. रखमीच्या पिशवीत रक्त थांबायच्या गोळ्या निघाल्या, त्या दिल्या. पोट चोळलं, बाळ छातीला लावलं. रक्त कमी झालं, थांबलं नाही. नाडी पळत होती.

"मी मरनार का, शिस्टर?"

"नाही," शीला म्हणाली, आणि म्हणताना तिला भीती वाटली.

पाड्यात गडी नव्हता. फागीचा नवरासुद्धा भट्टीवर. राहिलेल्या म्हाताऱ्या आणि पोरं, त्या उतारावर डोली पेलणारं कोणी नाही. चिंचपाडा सहा किलोमीटर खाली. तिथवर जायला त्यांच्यातल्या कुणालाही दीड तास लागला असता. शीलाने रखमीचा हात धरून फागीच्या पोटावर नेमका ठेवला. "इथे. ढिलं पडलं की दाबून चोळायचं. हात काढायचा नाही." मग ती उठली. सत्तावीस किलोमीटर झालेले पाय. पण त्या पाड्यात तिच्याइतक्या वेगाने खाली जाणारं दुसरं कोणी नव्हतं. तेरा आठवड्यांचे पावणेचारशे किलोमीटर तिच्या पायांत होते आणि आज पहिल्यांदा त्यांना कुठेतरी जायचं होतं.

फाट्याखालच्या फणसाशी फोनला दोन दांड्या आल्या. ॲम्ब्युलन्सवाला म्हणाला, पाऊण तासात फाट्यावर येतो, पुढे गाडी चढणार नाही. म्हणजे गाडी होती. फागीला गाडीपर्यंत आणणारी माणसं नव्हती.

ती पळाली. वेग काही उरला नव्हता, पण धडपडही नव्हती. तेरा आठवड्यांत तिचं पळणं शहाणं झालं होतं. खांदे सैल, पाऊल सपाट, चेहरा शांत. आतून तिचा जीव जात होता आणि बघणाऱ्याला वाटलं असतं, बाई मजेत चालली आहे.

चिंचपाडा आला. उन्हात माणसं बसली होती, हातात चहा. सुकऱ्याने हात वर केला. "शिस्टर, आज लय लांब?"

शीलाने तोंड उघडलं. घसा कोरडा ठाक. शब्द आलाच नाही, नुसती हवा आली. तिने हात हलवले, या, या म्हणून. सुकऱ्याने हसून परत हात हलवला. बाकीच्यांनीही हलवला. मग सगळे चहाकडे वळले.

तिला ओरडून रडावंसं वाटलं, पण त्यालाही दम लागतो. पाय सवयीने पुढे पडत राहिले, चार घरं पुढे, जिथे लाडक्या उभा होता.

"कोन?" त्याने विचारलं.

"फागी."

तेवढा एकच शब्द निघाला. कुठली फागी, काय झालं, त्याने विचारलं नाही. तो वळला आणि पळाला.

लाडक्याला पळताना पाड्यातल्या तरुण पोरांनी कधी पाहिलं नव्हतं. काटकुळे पाय, वाकडे गुडघे, खांद्यावर बांबू, तो रस्त्याच्या मधोमध पळत सुटला. ओरडला नाही, कुणाचं नाव घेतलं नाही. सुकऱ्याच्या अंगणात वळताना बांबूचं टोक पडवीच्या खांबाला लागलं आणि त्या आवाजाने सगळ्यांनी मान वर केली. सिस्टर पळते ते त्यांना रोजचं होतं. लाडक्या पळतोय हे पाहिल्यावर एकही माणूस बसून राहिला नाही.

पाच मिनिटांत तीन मोटरसायकली आणि सात माणसं निघाली. बांबू मागे बसलेल्याने आडवा धरला. सुकऱ्याने शीलाला आपल्यामागे बसवलं. लाडक्याला जागा नव्हती. तिने मागे वळून पाहिलं तेव्हा तो रस्त्यावरच बसला होता, छाती भात्यासारखी हलत होती, आणि एक हात अजून खांद्याशी, बांबू धरल्यासारखा.

फाट्यावरून माणसं वाट चढून गेली ती शीलाला मागे टाकून. अर्ध्या वाटेवर तिला डोली उतरताना दिसली आणि तिच्यासोबत रखमी, वाकून चालणारी, हात अजून फागीच्या पोटावर. ॲम्ब्युलन्स फाट्यावर आलेली होती. जव्हारला रक्ताच्या दोन पिशव्या लागल्या. संध्याकाळी डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "वाचली. अर्धा तास उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं."

शीला बाकावर बसली होती, बुटांवर रक्त सुकलेलं. माहेर तिथून दोन गल्ल्या. तिला तिकडे जावंसं वाटलं नाही. फोन वाजला.

"आई, आज तीस होते ना? किती झाले?"

"तेहतीस."

"अगं, प्लॅनपेक्षा जास्त नसतं करायचं."

"हो. चुकलं."

"बरं, मी नंतर करते हं, मैत्रिणी आल्यात." आणि फोन ठेवला गेला.

मंगळवारी प्लॅनमध्ये पाच होते. पाय दुखत होते तरी ती निघाली. चिंचपाड्याशी पोचायच्या आत शेकोटी रिकामी झाली. सुकऱ्याने मोटरसायकलला किक मारली, कुणी चादर काढली, आणि सात माणसं रस्त्यावर येऊन उभी राहिली. त्यांच्या पुढे लाडक्या, बांबू घेऊन.

"कोन?" या वेळी सगळ्यांनीच विचारलं.

शीला थांबली. चहाचे पेले जमिनीवर तसेच ठेवलेले, त्यातून वाफ येत होती. "कोणी नाही," ती म्हणाली.

"पळा की शिस्टर," सुकऱ्या म्हणाला. "आमी उठू. उठायला काय लागतंय?"

तो मनापासून म्हणत होता. या आठवड्यात ते उठले असते, पुढच्याही उठले असते. चौथ्यात पुन्हा बसून राहिले असते, आणि त्यांचा दोष नसता. पुसलेली खूण फागीच्या जिवावर बेतता बेतता परत मिळाली होती. ती दुसऱ्यांदा पुसायची तिची छाती नव्हती. ती तिथूनच माघारी वळली आणि चालत घरी आली.

त्या रविवारी वीस होते. उपकेंद्रामागे शाळेचं मैदान. एक फेरी अडीचशे मीटरची, म्हणजे ऐंशी फेऱ्या. फेऱ्या मोजायला तिने पायरीवर दोन वाट्या ठेवल्या, एकीत ऐंशी चिंचोके. फेरी झाली की एक चिंचोका उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचा.

शाळा बंद. झेंड्याचा खांब, बंद खिडक्या, पुन्हा झेंड्याचा खांब. एक कुत्रं तीन फेऱ्या तिच्याबरोबर आलं आणि कंटाळून सावलीत जाऊन झोपलं. रस्त्यावर निदान कुठेतरी जाऊन परत येता येत होतं. तो म्हातारा होता, दोनदा तिला एकच प्रश्न विचारणारा, आणि त्या प्रश्नाचा वैताग होता. इथे तोही नव्हता. तिने केलं ते योग्यच होतं आणि योग्य केल्याचं समाधान विसाव्या फेरीपर्यंत पुरलं. तिसाव्या फेरीनंतर तिला एकटं वाटायला लागलं. सदतिसाव्या फेरीला इतकं एकटं वाटलं की पायरीपाशी येऊन पाय थांबलेच. तिने चिंचोका टाकला आणि पुढचं पाऊल उचललं नाही. चार वर्षं जे चार वाजता येत होतं ते आज सकाळी आठला आलं होतं. ती उभ्याउभ्या रडायला लागली.

फाटकाचा आवाज झाला. लाडक्या आत आला, खांद्यावर बांबू. एक किलोमीटर चालत आला होता.

"आज रस्त्याला आली नाय," तो म्हणाला. तिच्याजवळ येऊन उभा राहिला, तिच्या तोंडाकडे पाहत. मग नेहमीसारखंच विचारलं, "कोन?"

कोणी नाही, असं म्हणायला तिने तोंड उघडलं होतं.

"मी," ती म्हणाली. "मीच आहे, बाबा."

लाडक्याने मान हलवली. पहिल्यांदाच तिच्यासमोर त्याने बांबू खांद्यावरून उतरवला आणि शाळेच्या भिंतीला टेकवून ठेवला. मग पायरीवर वाट्यांशेजारी बसला. दोन्ही वाट्यांत वाकून पाहिलं. कशासाठी आहेत ते त्याला सांगावं लागलं नाही, भाताच्या पाट्या मोजायला त्याने जन्मभर खडेच वापरले होते.

"किती ऱ्हायलं?"

"त्रेचाळीस."

"पळ," तो म्हणाला.

तिने ओढणीने तोंड पुसलं आणि निघाली. झेंड्याचा खांब, बंद खिडक्या, झोपलेलं कुत्रं. फेरी पुरी करून ती पायरीपाशी आली तेव्हा चिंचोका उचलायला वाकली, पण लाडक्याने तो आधीच दुसऱ्या वाटीत टाकला होता.

"बेचाळीस," तो म्हणाला.